आधी बारा, नंतर एक: या हिशेबाला हरकत

सिकलसेलच्या रुग्णाला औषध लागू पडले की नाही, हे ठरवण्याचा एक रिवाज पदव्युत्तर प्रबंधांत आणि कार्यक्रमांच्या अहवालांत पक्का बसला आहे. औषधाआधीच्या वर्षात किती वेळा दुखणे उठले, किती वेळा भरती व्हावे लागले, किती वेळा रक्त चढवले, हे रुग्णाला किंवा त्याच्या आईला विचारायचे. वर्षभराने तेच पुन्हा मोजायचे. दोन्ही वेळच्या आकड्यांची सरासरी काढून पेअर्ड टी-टेस्ट लावायची आणि पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली उतरली की ‘लक्षणीय सुधारणा’ असे नोंदवायचे.

या रिवाजाची पाठराखण करणाऱ्यांचे म्हणणे ठरलेले असते. तालुक्याच्या ठिकाणी याहून अवघड काही जमणार नाही, नागपूरचा गाजलेला निकाल अशाच मोजणीतून आला, आणि ज्या आजारात बाराचा एक होतो तिथे आणखी गणित कशाला? यातले प्रत्येक म्हणणे वरवर पटण्यासारखे आहे. तरीही चांदूर बाजारसारख्या तालुक्यातल्या रुग्णाचे त्यातून नुकसान होते, आणि ते नुकसान कागदावर कुठेच दिसत नाही.

सिकलसेल म्हटले की अमरावती जिल्ह्यात लोकांच्या डोळ्यांपुढे मेळघाट आणि कोरकू गावे येतात. पण हा आजार सातपुड्याच्या पायथ्याशी थांबत नाही. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीत झाली, आणि १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी ‘लॅन्सेट’मध्ये मध्य भारतातल्या वाहकांबद्दल लिहिले. तेव्हापासून हे ठाऊक आहे की विदर्भाच्या मैदानी भागातही, विशेषतः पूर्वाश्रमीच्या महार आणि आजच्या बौद्ध वस्त्यांत, वाहकांचे प्रमाण मोठे आहे. पूर्णेच्या खोऱ्यातल्या संत्र्याच्या बागांत काम करणाऱ्या कुटुंबांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे त्याचे उद्दिष्ट. तपासणी हे एकदाच करायचे काम आहे: ‘एएस’ (वाहक) की ‘एसएस’ (रुग्ण), हे एकदा कळले की नोंद पूर्ण होते. पण ज्याची नोंद ‘एसएस’ अशी झाली, त्याचे आयुष्य पुढे चालूच राहते. त्या आयुष्यात दुखण्याचे दिवस वाढत आहेत की घटत आहेत, हे मोजण्याची रीत मात्र अजून आधी-नंतरच्या त्या दोन आकड्यांपाशीच अडकली आहे.

आधी नागपूरच्या निकालाबद्दल. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हायड्रॉक्सियुरियाची कमी, ठरलेली मात्रा (किलोमागे रोज १० मिलिग्रॅम) तीव्र त्रास असलेल्या साठ मुलांवर तपासली. हा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. औषध घेणाऱ्या मुलांत वर्षाला सरासरी सुमारे बारा वेळा उठणारे दुखणे एकाच्याही खाली आले. तोवर भारतीय मुलांत फीटल हिमोग्लोबिन मुळातच जास्त, म्हणून त्यांचा सिकलसेल सौम्य, असा समज होता. या कामाने त्या समजाला धक्का दिला आणि स्वस्त औषधाची वाट मोकळी केली. या अभ्यासाचे मोल मोठे आहे.

पण त्याचे बळ कशात होते? निम्म्या मुलांना तशाच दिसणाऱ्या, औषध नसलेल्या गोळ्या दिल्या होत्या, आणि कोणाला काय मिळते आहे हे मुलांना किंवा डॉक्टरांना ठाऊक नव्हते. त्या दुसऱ्या गटात दुखणे साडेअकराच्या आसपासवरून दहाच्या आसपास आले, म्हणजे जवळजवळ होते तिथेच राहिले. बाराचा एक होणे हा औषधाचा परिणाम आहे, हे त्या दुसऱ्या गटामुळे सिद्ध झाले. आज त्या अभ्यासाचा हवाला देत फक्त ‘आधी आणि नंतर’ मोजणारे त्याचा अर्धाच भाग उचलतात. ज्या अर्ध्यावर सगळा विश्वास उभा आहे, तोच गळतो.

तुलनेचा गट एवढा महत्त्वाचा का, याचे कारण रुग्णांच्या निवडीत आहे. औषध कोणाला सुरू होते? ज्याला गेल्या वर्षी तीन किंवा अधिक वेळा जोराचे दुखणे उठले, त्याला. अशा आजारात वर्षावर्षाचा चढउतार मोठा असतो. काही जण नेहमीच तीव्र आजारी असतात, तर काहींचे ते एक वर्षच वाईट गेलेले असते. वाईट वर्ष पाहून निवडलेल्या माणसांचे पुढचे वर्ष, काहीही न करता, सरासरीने थोडे बरेच जाते. फ्रान्सिस गाल्टनने १८८६ मध्ये आईबापांच्या आणि मुलांच्या उंचीत हाच कल दाखवला होता. टी-टेस्टला ही निवड कळत नाही. औषधाने आलेला उतार आणि वाईट वर्ष सरून आलेला उतार तिच्या लेखी एकच.

आता सरासरीकडे. समजा, एका तालुक्यात दहा रुग्ण आहेत. आठ जणांना वर्षातून एकेकदा दुखणे उठते, दोघांना सोळा-सोळा वेळा. एकूण चाळीस, सरासरी चार. औषधानंतर आठ जण होते तिथेच राहिले आणि त्या दोघांचे सोळावरून सहा झाले. एकूण वीस, सरासरी दोन. अहवालात येईल की त्रास निम्म्यावर आला. प्रत्यक्षात दहापैकी आठ जणांच्या आयुष्यात काहीच बदलले नाही. याच दहा जोड्यांवर पेअर्ड टी-टेस्ट चालवली तर टी येतो १.५, म्हणजे पी-व्हॅल्यू ०.०५ च्या बरीच वर. दोन माणसांना वर्षाकाठी दहा-दहा वेळचा जीवघेणा ठणका चुकला, आणि चाचणी सांगते की लक्षणीय काही घडले नाही. एकाच कागदावर सरासरी सगळ्यांना सुधारलेले ठरवते आणि चाचणी कोणालाच नाही. खरी गोष्ट दोघींनाही सांगता येत नाही, कारण आकडे मोजणीचे आहेत, शून्याच्या खाली जात नाहीत आणि थोड्या माणसांत दाटलेले आहेत.

ही कल्पनेतली अडचण नाही. नागपूरच्या त्याच अभ्यासात औषधानंतरची सरासरी सुमारे ०.६ होती आणि प्रमाण विचलन त्याच्या दुपटीहून अधिक. शून्याखाली न जाणाऱ्या आकड्यांत असे दिसले की समजावे, बहुतेक मुले शून्यावर आहेत आणि थोड्यांना अजूनही वारंवार त्रास होतो. त्या थोड्या मुलांचे काय चालले आहे, हाच डॉक्टरच्या कामाचा प्रश्न. अमेरिका आणि कॅनडातल्या २९९ प्रौढांवर झालेल्या हायड्रॉक्सियुरियाच्या चाचणीत, जिचा निकाल १९९५ मध्ये आला, संशोधकांनी हे आधीच ओळखले होते. त्यांनी सरासरीऐवजी मध्यक सांगितला (औषधाच्या गटात वर्षाला २.५, दुसऱ्या गटात ४.५) आणि तुलना क्रमांकांवर केली, म्हणजे दोन-चार अतितीव्र रुग्णांनी सगळा निकाल ओढून नेऊ नये. तीस वर्षांपूर्वी उचललेली ही काळजी आज ‘अवघड’ म्हणून टाळण्याला कारण उरत नाही.

मोजणीची पट्टीही दोन वेळा एकच राहत नाही, आणि हा दोष सरासरीच्या दोषाहून खोल आहे. आधीचे वर्ष आठवणीतून येते, नंतरचे वर्ष केसपेपरवरून. चांदूर बाजारच्या एखाद्या खेड्यात रात्री हातपाय ठणकायला लागले तर माणूस आधी घरातली गोळी घेतो, भरपूर पाणी पितो, शेकतो. नाहीच थांबले तर जवळच्या खासगी डॉक्टरकडे इंजेक्शन आणि सलाईन. त्यानंतर ग्रामीण रुग्णालय, मग अचलपूर, मग अमरावती, कधी थेट नागपूर. यातल्या प्रत्येक टप्प्यावर नोंद वेगळ्या वहीत होते, आणि पहिल्या टप्प्यावर होतच नाही. तालुक्याच्या रजिस्टरमधले शून्य म्हणजे दुखणे उठले नाही, किंवा गाडीभाड्याला पैसे नव्हते, किंवा संत्र्याची तोड चालू असल्याने मजुरी बुडवता आली नाही, यांपैकी काहीही असू शकते.

व्हर्जिनियात २३२ प्रौढ रुग्णांनी सहा महिन्यांपर्यंत रोज दुखण्याची डायरी लिहिली. तो अभ्यास २००८ मध्ये छापून आला. एकतीस हजारांवर दिवसांच्या नोंदींत निम्म्याहून जास्त दिवस दुखण्याचे होते, ५४.५ टक्के. दवाखाना गाठल्याचे दिवस होते फक्त ३.५ टक्के. म्हणजे जिथे रस्ते आहेत, गाड्या आहेत, चोवीस तास इमर्जन्सी विभाग आहेत, तिथेही रुग्णालयाची नोंद दुखण्याचा लहानसा तुकडाच पकडते. भरतीच्या आकड्यावरून आजाराची गती ठरवणाऱ्यांनी या एका आकडेवारीपुढे आपली बाजू मांडून दाखवावी.

यावर एक उत्तर नेहमी येते: दुखणे माणसागणिक वेगळे, ते मोजता येत नाही, त्यापेक्षा हिमोग्लोबिन मोजा, ते तरी वस्तुनिष्ठ आहे. या उत्तराची परीक्षा जगाने नुकतीच घेतली आहे. व्हॉक्सेलोटॉर नावाच्या औषधाला अमेरिकेत २०१९ मध्ये हिमोग्लोबिन वाढते या आधारावर मान्यता मिळाली. चाचणीत पूर्ण मात्रा घेणाऱ्यांपैकी ५१ टक्के रुग्णांचे हिमोग्लोबिन एक ग्रॅमहून अधिक वाढले, औषध नसलेल्या गटात फक्त ७ टक्क्यांचे. दुखणे उठण्याच्या संख्येत मात्र ठोस फरक दिसला नव्हता. सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने हे औषध जगभरातून मागे घेतले, कारण जमा होत गेलेल्या माहितीत दुखण्याचे झटके आणि मृत्यू यांचे पारडे चुकीच्या बाजूला झुकताना दिसले. वस्तुनिष्ठ आकडा वर गेला होता आणि माणूस बरा झाला नव्हता.

दुखणे शून्य ते दहा अशा अंकात सांगता येते, आणि त्या अंकाला अर्थही देता येतो. दीर्घकालीन वेदनेच्या दहा चाचण्यांतल्या २,७२४ रुग्णांची माहिती एकत्र करून २००१ मध्ये दाखवले गेले की साधारण दोन अंकांची किंवा तीस टक्क्यांची घट झाली की रुग्ण स्वतः ‘बरेच बरे वाटते’ म्हणतो. या अंकाची मर्यादा एवढीच की एका बाईचा सात आणि दुसरीचा सात एक नसतात. म्हणून तुलना तिची तिच्याशीच करावी. आणि इथेच वादाचा गाभा येतो.

‘हायड्रॉक्सियुरिया उपयोगी आहे का’ हा प्रश्न आता निकालात निघाला आहे. परिणाम इतका मोठा होता की ओबडधोबड हिशेबालाही तो दिसला असता, हे कबूल करायला हवे. पण चांदूर बाजारच्या ओपीडीत समोर बसलेल्या मुलीबाबत तो प्रश्न नसतोच. तिथला प्रश्न असतो: हिला यंदा लागू पडते आहे का? मात्रा वाढवायची का? गोळ्या सुटताहेत का? की यंदाचे दुखणे दुसऱ्याच कशाचे आहे? गटाची सरासरी या प्रश्नांना उत्तर देऊच शकत नाही, ती कितीही अचूक काढली तरी. संत्रा बागायतदाराला हे वेगळे समजावून सांगायला नको. महसूल मंडळाच्या हवामान केंद्राने पाऊस पुरेसा नोंदवला म्हणून आपल्या बागेचा आंबिया बहार गळाला नाही, असे कोणी म्हटले तर तो विमा कंपनीशी भांडायला उठतो, आणि त्याचे भांडण रास्त असते.

एका माणसाच्या हिशेबात काय कळते, ते पाहू. ज्याला वर्षाला सरासरी बारा वेळा, म्हणजे महिन्याला एकदा दुखणे उठते, त्याचे दोन महिने कोरे गेले तर आनंद होतो. पण झटके एकमेकांवर अवलंबून नाहीत असे धरले, तर औषध न घेताही दोन महिने कोरे जाण्याची शक्यता सुमारे साडेतेरा टक्के असते. सातातून एकदा हे आपोआप घडेल. चार महिने कोरे गेले तर ती शक्यता दोन टक्क्यांच्या खाली येते. तेव्हा काहीतरी बदलले आहे, असे म्हणायला आधार मिळतो. आता ज्याला वर्षाला तीनदाच उठते, त्याचे पाहा. त्याचे दोन महिने कोरे जाण्याची शक्यता साठ टक्क्यांवर आहे, आणि अख्खे वर्ष कोरे गेले तरी ती पाच टक्के उरते. म्हणजे एकाला चार महिन्यांत जे सांगता येते, ते दुसऱ्याला वर्षभर थांबूनही खात्रीने सांगता येत नाही. प्रत्यक्षात झटके घोळक्याने येतात, एकापाठोपाठ दुसरा, मग लांब शांतता. त्यामुळे थांबण्याचा काळ याहूनही वाढतो. सगळ्यांना एकच वर्ष आणि एकच चाचणी लावणाऱ्या रिवाजात या फरकाला जागाच नाही.

माणसाचा स्वतःचा चढउतार मोजायला हवा, हा आग्रह मराठी सांख्यिकीला नवा नाही. साताऱ्याच्या बुध गावात जन्मलेले पां. वा. सुखात्मे यांनी हाच मुद्दा आहाराबाबत मांडला. जागतिक अन्न आणि शेती संघटनेत वीस वर्षे संख्याशास्त्राचे काम करून पुण्याला परतल्यावर ते सांगत होते की निरोगी माणसाची उष्मांकांची गरजही दिवसागणिक, आठवड्यागणिक बदलते, आजचा आकडा कालच्याशी जोडलेला असतो, आणि म्हणून सरासरी गरजेची एक रेघ ओढून तिच्याखालच्या सगळ्यांना उपाशी ठरवता येत नाही. वि. म. दांडेकरांनी त्यांचा कडाडून प्रतिवाद केला. गरिबांच्या उपासमारीचा आकडा सुखात्मे फार खाली आणतात, असा आक्षेप अनेकांनी घेतला, आणि तो आक्षेप वजनदार आहे. पण सुखात्म्यांच्या निष्कर्षाशी भांडतानाही त्यांच्या प्रश्नाला बगल देता येत नाही: एका माणसाच्या अनेक दिवसांतला फरक आणि अनेक माणसांमधला फरक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सिकलसेलच्या डायरीत हेच दिसते. काल ठणका होता तर आज असण्याची शक्यता वाढते. त्यामुळे एकशे ऐंशी दिवसांच्या नोंदी म्हणजे एकशे ऐंशी स्वतंत्र पुरावे नव्हेत. त्या तशा धरल्या तर पी-व्हॅल्यू फसवी लहान येते. म्हणून डायरीच्या नोंदींसाठी असे प्रतिमान घ्यावे, ज्यात प्रत्येक रुग्णाची स्वतःची मूळ पातळी असते आणि कालचा दिवस आजच्या हिशेबात येतो. झटक्यांच्या संख्येसाठी निगेटिव्ह बायनॉमियल प्रतिमान घ्यावे. त्यात प्रत्येकाच्या निरीक्षणाचे दिवस भागाकारात येतात, आणि थोड्या माणसांत दाटलेल्या मोजणीला ते सामावून घेते. ऋतूही हिशेबात हवा. वऱ्हाडात डिसेंबरची थंडी आणि मे महिन्यातला पाणी आटवणारा उन्हाळा, दोन्ही दुखणे चाळवतात. ‘आधी’चे महिने थंडीतले आणि ‘नंतर’चे पावसाळ्यातले असतील, तर औषधाच्या नावावर हवामान जमा होते.

गळालेल्या माणसांचा प्रश्न सगळ्यांत गंभीर. ‘आधी’ आणि ‘नंतर’ दोन्ही आकडे असणाऱ्यांनाच पेअर्ड चाचणीत जागा मिळते. जे कुटुंब कामाला परगावी गेले ते बाहेर. ज्याला गोळ्यांनी मळमळ झाली आणि येणेच सोडले तो बाहेर. जो वारला तोही बाहेर, आणि वर्षअखेरच्या सरासरीत तो तीव्र आजारी माणूस नसल्यामुळे आकडा आणखी सुंदर दिसतो. ज्या पद्धतीत मृत्यूने निकाल सुधारतो, ती सोपी आहे म्हणून ठेवावी असे कोणी म्हणू नये.

राहिला तालुक्याला जमण्याचा मुद्दा. तालुक्याने प्रतिमाने चालवावीत, अशी कोणाचीच मागणी नाही. तालुक्याने लिहायचे आहे रोजच्या एका ओळीइतके: आज दुखले का, किती, गोळी घेतली का, काम किंवा शाळा बुडली का, कुठे जावे लागले का. न लिहिलेला दिवस रिकामाच ठेवायचा, त्याला शून्य मानायचे नाही. आशाताई महिन्यातून एकदा वही पाहतील, ज्याला लिहिता येत नाही त्याच्या घरातले शाळकरी पोर खुणा करेल. हिशेबाचे काम अमरावतीच्या विद्यापीठात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात होऊ शकते, ‘आर’सारख्या फुकट मिळणाऱ्या संगणक प्रणालीवर, काही मिनिटांत. वऱ्हाडाला सांख्यिकी परकी नाही. वि. गो. पानसे आणि सुखात्मे यांचे शेती संशोधनासाठीच्या सांख्यिकी पद्धतींवरचे पुस्तक १९५४ साली आले आणि कृषी विद्यापीठांतल्या पिढ्या त्यावर घडल्या. कपाशीच्या वाणाची चाचणी घेताना शेजारी तुलनेचा वाण हवा, जमिनीतला फरक वाफ्यावाफ्यांतून वेगळा काढायला हवा, हे शेतीच्या विद्यार्थ्याला शिकवले जाते. माणसाच्या दुखण्याला त्याहून ढोबळ हिशेब लावण्याचे समर्थन कशाच्या आधारावर करायचे?

या हिशेबाचा परिणाम दवाखान्याबाहेरही होतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला. बहुतेक सवलती मात्र चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व प्रमाणित झाल्यावरच मिळतात. तपासणीच्या दिवशी रुग्ण चालत येतो, बोलतो, बरा दिसतो. त्याच्या मागच्या महिन्यातले नऊ दिवस अंथरुणात गेले, हे त्या दिवशीच्या रक्ताच्या रिपोर्टात कुठेच नसते. तारीखवार बारा महिन्यांची वही, आणि तिच्यावरून काढलेले दुखण्याच्या व काम बुडाल्याच्या दिवसांचे प्रमाण, हा पुरावा प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाने रिपोर्टाच्या शेजारी ठेवून वाचला पाहिजे. अभियान चालवणाऱ्यांनीही, किती जणांची तपासणी झाली या आकड्याच्या खाली, ‘एसएस’ म्हणून नोंदलेल्या किती जणांच्या दिवसांचा हिशेब आपल्याकडे आहे, तो आकडा दरवर्षी तालुकावार छापावा.